सुमनला वाचून न दाखवलेल्या कमेंटी

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं मोड आलेले वाल सोलत बसलेलो. सुमन, माझी बायको, म्हणाली, "अहो, वाचा ना. काय लिहिलंय लोकांनी?" दोन दिवसांपूर्वी तिनं ब्लॉगवर तिच्या शाळेतल्या विमलबद्दल लिहिलेलं. दोघी एका पाटीवर शिकल्या, पुढं लग्नं झाली, परत कधी भेट नाही. मी हात पुसून फोन उघडला. पहिलीच कमेंट घाण होती. बाईला देतात तसली शिवी, वर जात काढलेली. मी खाली गेलोच नाही. म्हटलं, "आज कुणी काही लिहिलं नाही."

"कुणीच नाही?"

"नाही गं. लोकांना कामधंदे असतात."

ती वाल सोलत राहिली… पहाटे झोपेतच गेली.

सुमन अंगणवाडीत बाई होती. माझं शिक्षण चौथी, सगळा जन्म कोलशेतच्या एका कंपनीत कापड रंगवण्यात गेला. घरात लिहिणारी तीच. रिटायर झाल्यावर ब्लॉग काढला. चाळीतल्या बायका, नळावरची भांडणं, कुणाची सासू, कुणाची सवत, सगळं त्यात. मी पीत होतो तेही लिहिलं. मी भडकलो तर म्हणाली, "खोटं असेल तर दाखवा, काढते." काय दाखवणार? पुढं साखरेनं तिचे डोळे गेले, अक्षर दिसेना. मग ती फोनला बोलायची, फोन लिहायचा, आणि खालच्या कमेंटी मी वाचून दाखवायचो. एकेक अक्षर लावत वाचतो मी, पण ती ऐकायची. वाईट आलं की गाळायचो. चार वर्षं गाळलं. तिला वाटायचं, जग फार चांगलं आहे.

ठाण्याहून ऋतुजा नावाची पोरगी यायची. साध्या बायका इंटरनेटवर लिहितात तेव्हा त्यांचं काय होतं, लोक त्यांना काय बोलतात, यावर ती पीएचडी करते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मावशी, घाणेरड्या कमेंटी येतात त्याचं काय करता?" सुमन हसली. "मला नाही गं येत तसल्या. माझे वाचक चांगले." मी दारातून पोरीला हातानं खूण केली, गप्प बस. ती गप्प बसली. जाताना जिन्यात मात्र मला धरलं.

"काका, हे बरोबर नाही. लिहिणं त्यांचं आहे. उत्तर द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं."

"तू तुझं शीक पोरी. बायको माझी आहे."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली आणि तरातरा उतरून गेली. मला राग आला. खरं बोलली की राग येतोच.

सुमन गेल्यावर बुद्धविहारात तिचं पुण्यानुमोदन झालं तेव्हा ऋतुजा येऊन मागं बसून रडली. नंतर महिन्यानं घरी आली, कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन. सुमनचं सगळं लिखाण, आणि प्रत्येकाखाली लोकांनी लिहिलेलं सगळं, ओळीनं छापलेलं. मी म्हटलं, "घाण पण छापलीस?" तर म्हणाली, "अभ्यासात काही गाळता येत नाही, काका. वाईट गाळलं की त्याच्याबरोबर चांगलंही जातं." मला वाटलं, टोमणा मारतेय. ती उठली आणि शेवटची दोन पानं वर काढून ठेवून गेली.

चष्मा लावून बसलो. विमलवरचा लेख. खाली ती पहिली शिवी. आणि तिच्या लगेच खाली…

"सुमन, अगं मीच ती विमल. जिवंत आहे. कल्याणला लेकीकडे असते. कधी भेटायचं?"

तारीख त्याच दिवसाची, वेळ आम्ही वाल सोलायला बसण्याआधीची. आमचं घर आंबिवलीला. तिथून कल्याण, मधे एकच स्टेशन. बोटभर खाली सरकलो असतो तर तिनं हातातले वाल टाकून मला रात्रीच उठवून नेलं असतं. त्याच्याखाली पंधरा दिवसांनी परत विमलच. "रागावलीस का गं? उत्तर नाही दिलंस." तोवर सुमनची राख पण उरली नव्हती.

मी कुणाला वाचवत होतो? शिवी तिला लागली असती, तिनं चार शब्द सुनावले असते, आणि पुढची ओळ ऐकली असती. अंगणवाडीत दारुड्या बापांना हाकलणारी बाई ती. शिव्या मलाच सोसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुमनचा फोन घेतला. बोलून लिहायला धीर झाला नाही, एका बोटानं लिहिलं. "विमलताई, जयभीम. मी सुमनचा नवरा. सुमन गेली. तिची तुमच्यावर फार माया होती." एवढं लिहून पाठवणार होतो. मग वाटलं, परत गाळतोय. तासभर लागला, पण खाली लिहिलं, "तुमचं उत्तर ती होती तेव्हाच आलेलं. ती विचारत होती. कुणी काही लिहिलं नाही, असं मी तिला सांगितलं."

आणि पाठवलं.