फ्लेक्सवरचा क्लब

आमच्या घरात चोरीची परंपरा नाही. ती मी सुरू केली, तीही वयाच्या बावन्नाव्या वर्षी आणि समाजकार्यासाठी.

पुण्याजवळ सूसमध्ये आमच्या सोसायटीच्या मागे नानांच्या भाड्याच्या खोल्यांची रांग आहे. गवंडी, बिगारी, घरकामाच्या बायका अशी कुटुंबं तिथे राहतात. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांना तीन तास मोकळे. त्या तीन तासांसाठी आम्ही चौघीजणी क्लब चालवतो. अभ्यास, कॅरम, चित्रं आणि मारामाऱ्या सोडवणं (हा सगळ्यात मोठा विभाग). कोपऱ्यातली खोली नानांनी फुकट दिली होती. "पोरं शिकत्यात ना? मग वापरा," एवढाच करार. ती खोली गेली असती तर क्लब थेट रस्त्यावर, डंपरच्या वाटेत!

खोलीत फरशी नव्हती, नुसता कोबा. चटया आठवड्यात फाटत. यावर उपाय मला सकाळी फिरायला जाताना चौकात दिसला. वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स! जाड, पुसता येणारा, बावीस मुलं आरामात मावतील असा. मध्यभागी गॉगल घातलेला, काळ्याभोर केसांचा, दुधासारखा गोरा कुणी 'दादासाहेब', शेजारी वाघ आणि खाली पंधरा शुभेच्छुक.

"अगं, तारीख तरी बघ," नवरा म्हणाला.

"अहो, वाढदिवस झाल्यावर कुणी फ्लेक्स उतरवतं का? महिनाभर लटकत असतो. आपण उलट गाव स्वच्छ करतोय. चढा!"

नवरा चढला. (सत्तावीस वर्षं तो माझ्या सांगण्यावरून असाच चढतोय.) उतरला तेव्हा हातात फ्लेक्स होता आणि कमरेत उसण.

छापलेली बाजू मी वर ठेवली, कारण ती ओल्या फडक्याने लख्ख होते. शिवाय प्रत्येकाला जागा नेमून देता आली. पंधरा शुभेच्छुकांवर पंधरा मुलं, उरलेली सात दादासाहेबांवर आणि वाघावर. भांडणं बंद! "काकू, हा माझ्या मिशीवर सरकलाय!" एवढीच काय ती तक्रार. पिंकीने (वय अकरा, क्लबची बिनविरोध सरपंच) पहिल्याच दिवशी दादासाहेबांच्या गालावर निळा रंग सांडला. मी म्हटलं, सांडू दे. आपल्या काय ओळखीचा आहे?

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नाना दारात हजर. नेहमीची टोपी, नेहमीचा पायजमा, आणि मागे वह्यांचे गठ्ठे घेतलेले दोघेजण.

"ताई, आज वाढदिवस हाय माजा. पोरास्नी वह्या वाटायच्यात. पर डोकं ठिकाणावर न्हाई. चौकातला माजा फ्लेक्स चोरला कुणीतरी!"

"अरेरे," मी म्हणाले, "कसा होता हो?"

"लई भारी! गॉगल, शेजारी वाघ. पोरानं कॉम्प्युटरवर केसं बी लावली व्हती, नाव बी 'दादासाहेब' टाकलं व्हतं."

मी खाली पाहिलं. गॉगलच्या एका काचेवर पिंकी बसली होती. दुसऱ्या काचेवर मी उभी होते.

"ह्ये आमच्या चुलतभावाचं काम," नाना तापले. "त्याला बघवत न्हाई. वह्या वाटल्या की धा माणसं घिऊन त्याच्या दारात जातुया!"

म्हणजे कबूल करावं तर खोली जाणार, गप्प बसावं तर एका निरपराध माणसाचं डोकं फुटणार! गणित शिकवायला आलेला माझा नवरा कंबर धरून दाराकडे सरकायला लागला. त्याला मी दंडाला धरून वाघावर बसवलं.

आणि मुलं उठायला लागली! पाहुणे आले की उभं राहून नमस्ते म्हणायचं, हे मीच सहा महिने घोकून घेतलं होतं.

"उठू नका!" मी ओरडले.

"पण काकू, पाहुणे आले की..."

"आज बसून नमस्ते!"

"पर क्यों?" पिंकी.

"नवीन पद्धत आहे!"

"ऱ्हाऊ द्या, बसूद्यात लेकरं," नाना विरघळले. "ये गं पोरी, तू पयली. वही घे."

मी मान हलवून पिंकीला नको-नको म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, दोनशे पानी वहीकडे पाहिलं आणि उठली. मग काय, सगळेच उठले.

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"ह्यो तर मीच हाय की!"

"नाना, ये आप हो?" पिंकी वाकून बघायला लागली. "सच्ची? इतने गोरे?"

वह्यावाल्या दोघांना एकदम खोकला आला.

"नाना, फ्लेक्स मी काढला," मी एका दमात सांगून टाकलं. "म्हणजे चढले हे, पण सांगितलं मी. तुमच्या भावाला काही करू नका. ही घ्या खोलीची किल्ली."

नानांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. ते फ्लेक्सभोवती एक फेरी मारून आले.

"ह्या कोपऱ्यातल्यावर कोण बसतंय?"

"तिसरीतला एकजण."

"दोघं बशिवा. नुस्ता फोटूपुरता येतो त्यो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "किल्ली ठिवा. पर चौकात फ्लेक्स पायजेच. उद्या नवा लावतुया. त्यात तुमी दोगं बी. शुभेच्छुक म्हनून!"

सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला फ्लेक्सविरुद्ध निबंध टाकणारी बाई मी! पण खोली हवी होती. आमच्या मुलाने आमचे फोटो पाठवले ते आधार कार्डावरचे. फ्लेक्सवाल्याने मला उजळ केलं, नवऱ्याची कंबर सरळ केली आणि माझ्या नावाखाली स्वतःच्या मनाने 'धडाडीच्या समाजसेविका' असं टाकलं. खोली राहिली, क्लब राहिला.

तिसऱ्या दिवशी भाजी घेताना एका बाईंनी मला अडवलं. "ताई, फ्लेक्सवर तुमीच ना? आमच्या गल्लीत टँकर येत न्हाई वो, जरा बघा की."

मी कोणी नाही, असं सरळ सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "काळजी करू नका, काम झालं समजा!"

टँकर अजून आलेला नाही. मी भाजी आता बाणेरहून आणते.