दुखऱ्या बिंदूंची मंडळी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसं आपापला मूर्खपणा नेमाने करत असतात, आपण फक्त जागं राहायचं!

नौपाड्यात एका दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये दर रविवारी आमचं गणिताचं मंडळ भरतं. डॉक्टर आणि मी हौशी. मी तर नुसती पुस्तकं वाचून शिकलेला. खरी गणिती वैदेही म्हात्रे. डोंबिवलीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे तास घेतला तरच पगार, आणि कायम होण्याची वाट बघायची. "असू दे हो काका," हे तिचं पालुपद. तिला राग म्हणून येत नसे. म्हणून तिच्या वाटचा मी बाळगतो.

*

समीकरणांपासून जे आकार तयार होतात, त्यांवर काही जागा गुळगुळीत नसतात. कुठे टोक येतं, कुठे घडी पडते. इंग्रजीत सिंग्युलर पॉइंट. डॉक्टर म्हणाले, "दुखरा बिंदू म्हणा!" तेच चिकटलं. वैदेही हे दुखणं ग्राफ पेपरवर तपासते. दोन बाण काढायचे, त्यांच्यावर समांतरभुज चौकोन उभा करायचा. क्षेत्रफळ एक आलं तर सगळं ठीक. जास्त आलं तर चौकोनाच्या आत ग्राफचा ठिपका सापडतो, त्यातून नवा बाण काढून तुकडे पाडायचे.

एका रविवारी सुजलेला गाल धरून एक पेशंट आत आला. फळ्यावर वैदेहीचं अक्षर होतं : 'दुखरा बिंदू आधी फुगवा. मग तुकडे करा. दुखणं जाईपर्यंत चालू ठेवा.'

त्याने ते दोनदा वाचलं. "डॉक्टर, मी लवंग धरतो दाढेत," म्हणाला आणि गेला!

*

एवढं हसलो, पण पुढचं ऐका.

कॉलेजात वैदेहीचं व्याख्यान ठरलं. ऑफिसातल्या कुणीतरी 'सिंग्युलर'चं मराठी केलं आणि गेटवर पोस्टर लागलं : 'एकवचनी बिंदू'. शेजारी धनुष्यबाण घेतलेले प्रभू रामचंद्र!

प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून एका प्रवचनकारांना बोलावलं. ते एकवचनी, एकबाणी यावर मनसोक्त बोलले. मग टाळ्या, शाल, श्रीफळ. वैदेहीला शेवटची पाच मिनिटं. ती एवढंच म्हणाली, "माझे बिंदू दिलेला शब्द पाळत नाहीत, तोच तर प्रॉब्लेम आहे."

प्राचार्य आभार मानताना म्हणाले, "कलियुग आहे, मॅडम!"

मी तिसऱ्या रांगेत मुठी आवळून बसलेलो. बाहेर आल्यावर ती मलाच समजावते, "असू दे हो काका."

*

त्या बाणांच्या जुडग्याला या विषयात फॅन म्हणतात. वैदेहीने अर्ज केला : मोठ्या फॅनचे हिशोब करायला चांगला कॉम्प्युटर हवा. अर्ज फिरत फिरत कुठे गेला असेल? खोपटचा एक इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन वर्गात हजर!

"मॅडम, तीन पात्यांचा की चार?"

"अहो, मला कॉम्प्युटर हवाय."

"तो नाय आपल्याकडे."

फॅन परत जाऊ नये म्हणून प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवला. तिथे एसी आहे!

*

वार्षिक समारंभाला विभागप्रमुख म्हणाले, "ठिपके तुमचा विषय ना? मग गेटवरची रांगोळी तुमच्याकडे!" विभागात बाकी सगळे पुरुष. एकाचीही कंबर वाकली नाही.

शीळफाट्याजवळच्या गावाहून वैदेहीची आत्या समारंभ बघायला आलेली. डॉक्टरेट झालेली भाची फरशीवर उकिडवी बसलेली पाहून ती सगळ्यांसमोर ओरडली, "अगो बाय, यासाठीच शिकलीस काय गो?"

विभागप्रमुख हसले. मला अजून ते हसू आठवलं की जेवण जात नाही.

*

शेवटी कायम जागेची मुलाखत निघाली. वैदेही पुठ्ठ्याचा एक शंकू घेऊन गेली. शंकू सगळीकडे गुळगुळीत, फक्त टोकाशी दुखरा. ते टोक दोन बाण आणि एका ठिपक्याने कसं सुटतं, हे तिने समितीला दाखवलं. शाळेतल्या पोरालाही कळेल असं.

तिथेच घात झाला. प्राचार्य म्हणाले, "एवढंच? हे तर सगळं समजलं!"

अहो, अवघड प्रश्न ठिपके मोजण्यावर आणून ठेवायचा, हेच तिचं सगळं संशोधन! पुढचा उमेदवार बोलला, त्यातलं कुणालाच काही कळलं नाही. "माणसात खोली आहे," म्हणून जागा त्याला. वैदेहीचे तासही त्यालाच दिले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं फळा कोरा ठेवून बसलेलो. वैदेहीचा फोन वाजला. प्राचार्य. तिने स्पीकर लावला.

"मॅडम, नवीन सरांचं पहिलं व्याख्यान आहे. तुमचाच विषय घेतलाय त्यांनी. जरा गाइड कराल का?"

"करते की. कुठपर्यंत आलेत?"

"तुमचा तो शंकू इथेच राहिलेला, तो हातात घेऊन बसलेत. विचारतायत, यात दुखरा बिंदू नेमका कुठला?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. माझ्या तोंडात शिवी आलेली, पण वैदेहीने मला हाताने थांबवलं.

"सर, त्यांना म्हणावं, शंकू खुर्चीवर ठेवा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "आणि बसा!"