दाजींचा नाद

माझ्या दाजींइतका डोक्यात जाणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही, आणि हे मी इथली बाकीची सगळी डोक्यात जाणारी माणसं जमेस धरून सांगतोय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढून आता घरी बसलेत. बसलेत कसले! चहा आला की आधी कप टिचकीनं वाजवून बघणार, तडा गेलाय का म्हणून. मग गाळण्यावर बोलणार, मग साखरेवर, आणि तोवर चहा गार झाला म्हणून अक्कावर. डॉक्टरकडं गेले तर तपासायची खुर्ची करकरते म्हणून तिचे स्क्रू आवळून देणार आणि स्वतःला तपासून न घेताच परत येणार. अशा माणसाला नाद लागावा कसला, तर बोटीचा! कोल्हापुरात! लग्न झाल्यावर ते अक्काला घेऊन मालवणला गेले होते आणि तिथं एका लाँचमध्ये बसले होते. अक्का जातानाही ओकली, येतानाही ओकली. दाजींना मात्र ती लाँच जन्मभर पुरली. तिच्यासारखी हुबेहूब लहान बोट करायची, आत विजेची मोटार घालायची आणि ती रंकाळ्यात चालताना बघायची, एवढंच त्यांचं मागणं.

बोट झाली बरं का, आणि खोटं कशाला बोलू, देखणी झाली. सागवानाच्या बारीक पट्ट्या, वर इवलीशी केबिन, केबिनला खिडक्या. आणि नेमक्या त्याच सुमाराला दाजींना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, ‘गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती सांभाळा.’ आता शहाणा माणूस काय करील? मिळेल ती मोटार बसवील, मिळेल तो पंखा लावील आणि डोळ्यांना दिसतंय तोवर बोट पाण्यात सोडून मोकळा होईल. दाजी मोटार निवडत बसले! डोळ्यांत थेंब घालायच्या वेळेला यांच्या हातात कानस. अक्का बाटली घेऊन मागं उभी आणि हे पितळेच्या पात्यावर वाकलेले. माझं तर पित्त खवळायचं. अहो, ज्या बोटीसाठी डोळे राखायचे तिच्याच पात्यांवर ते घालवताय की! तर म्हणायचे, “पावणं, घाईनं पंखा वाकडा हुतो.”

पंखा! पाण्यात फिरून बोट ढकलतो त्याला दाजी पंखाच म्हणायचे, त्यामुळं दुकानादुकानांत तमाशा. मी सोबत होतो म्हणून सांगतो, एका दुकानदारानं विचारलं, “सीलिंग का टेबल?” दाजी म्हणाले, “पान्यात फिरनारा.” तो म्हणाला, “मग कूलरच घ्या की.” तिथून दाजींना ओढत बाहेर काढताना माझ्या शर्टाचं बटण तुटलं. शेवटी त्यांनी फवारणीच्या पंपातली मोटार काढून बसवली आणि तिला हा एवढा पंखा लावला. मोटारीला तो झेपेना, तापली, घरभर जळका वास. मग लहान पंखा लावला तर ताक घुसळल्यासारखा नुसता फेस, आणि बोट जागची हलायला तयार नाही. हे सगळे प्रयोग अक्काच्या न्हाणीघरातल्या टाकीत, आणि धुणं तुंबलेलं. त्यातून दाजींनी ज्ञान काय मिळवलं, तर पळणाऱ्या मोटारीला लहान पंखा आणि दमानं फिरणाऱ्या मोटारीला मोठा. “संसाराचंबी तसंच हाय,” वर हेही. अक्कानं विचारलं, “मग मी कोण, मोटार का पंखा?” तर म्हणाले, “तू बॅटरी हाईस की!” अक्का त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

माझ्यानं काही बघवेना. मी पुण्याहून चांगली, नव्या पद्धतीची मोटार आणली. अंगठ्याएवढी, पण ताकद अशी की बोट बघत राहावी, आणि आवाज नावाला नाही. दाजींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिले.

“हिला नाद न्हाय,” ते म्हणाले. “परत द्या.”

“चांगली आहे म्हणून वाजत नाही, दाजी! आणि नाद तुम्हाला आहे तेवढा बास झाला!”

“मला वाजनारी पायजे.”

आणि आणली काय, तर भंगारातल्या जुन्या कारच्या एसीच्या पंख्याची मोटार! दगडासारखी जड, फिरायला लागली की गिरणी सुरू झाल्यागत घरघर. तिला यांनी स्वतः कानसून केलेला तीन पात्यांचा मोठा पितळी पंखा. मी तिथंच हात जोडले. म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आंधळे व्हा, काय वाट्टेल ते करा. असं बोललो मी, इतका संतापलो होतो. अक्कानं मला दाराबाहेर काढलं आणि मी तिकडं जाणंच सोडलं.

मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. “रंकाळ्यावर ये. सोडायला निघालेत.”

गेलो. रिमोट दाजींच्या हातात होता, अक्कानं त्यांचा दंड धरला होता. मी पायऱ्या उतरून बोट पाण्यावर ठेवली. घर्र झालं आणि ती निघाली. मोठा पंखा दमानं फिरत होता, फेस नाही, हिसका नाही. खऱ्या लाँचच्या डौलात निघाली हो! मी राग विसरून ओरडलो, “दाजी, बघा!”

दाजी भलतीकडंच बघत होते. मान तिरकी, कान पाण्याकडं.

“पायरी सोडली की मला दिसत न्हाय, पावणं,” ते म्हणाले. “दिवाळीपास्नं. म्हनून तर नाद पायजे हुता.”

अक्काला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यात माझं डोकं पुन्हा फिरलं, कारण काठावर भेळेच्या गाडीवरचा भोंगा ठणाणा करत होता, “या भेळ, या रगडा, या शेवपुरी,” पुन्हा पुन्हा तेच, आणि त्यात बोटीची घरघर बुडून गेली होती. दाजींचं बोट रिमोटवर थबकलं. चेहरा असा झाला की माझ्यानं बघवेना. मी वळून बोंबललो, “ए भेळवाल्या! बंद कर ते! बंद कर म्हणतोय न्हवं! माणसाला ऐकू येऊ दे की रे!” त्यानं घाबरून भोंगा बंद केला. मी मात्र थांबेना. फोटो काढणाऱ्या पोरींवर ओरडलो, बुलेटचे फटाके फोडत निघालेल्या पोरावर ओरडलो, कणसं भाजणाऱ्या बाईवर तर उगाचच ओरडलो.

“पावणं,” दाजी हळूच म्हणाले, “गप बसा की वो. आता तुमचंच ऐकू यायलंय.”

मी गप्प झालो. मग पाण्यावरून ती घरघर नीट ऐकू आली. दाजींनी अंगठा जरासा फिरवला, मान आवाजाच्या मागं मागं वळवत नेली आणि मला विचारलं, “वळली न्हवं?”

“वळली, दाजी.”

“ठावं हाय,” ते म्हणाले.