आईने जाऊ दिलेली हाक

आधीच सांगते... भुतंखेतं, दृष्टान्त, साक्षात्कार — यातलं मी काहीच मानत नाही. आम्ही ख्रिस्ती, पण चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसून घड्याळ बघणारी. सेलूला शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय, कारण आईकडे बघवत नाही.

आई रिटायर्ड नर्स. नोकरीभर पेशंटने हाक मारली की उठली. नंतर एका शिबिरात मनन शिकून आली आणि रोज सकाळी साडेसहाला मागच्या खोलीत बसू लागली. डोळे मिटून, श्वासाबरोबर एकच नाव — येशू. वीस मिनिटं. नियम असा, की मध्ये विचार आला, आवाज आला, तर त्याच्यामागे जायचं नाही. येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, परत नावाकडे वळायचं. पप्पा चिडवायचे, "तुह्या येशूले सांग, चहाची वेळ झाली."

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पप्पांना दोन दिवस बारीक ताप होता, पुढच्या खोलीत पडून होते. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते. नळ सुरू, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. आई मात्र उघड्या दारातून समोरच दिसत होती. जागची हलली नव्हती. सातला ती चहा घेऊन गेली, तर पप्पा गेलेले... डॉक्टर म्हणाले, हार्ट.

पप्पांना माती देऊन आल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "आयकली न मी त्यायची हाक. अन् जाऊ देली."

तिने बसणं सोडलं. जेवणही सुटल्यात जमा.

आठ दिवसांनी कांताबाई आल्या. त्या घरच्या वावरातली भाजी विकतात, आमची मेथी रोज बाहेरूनच पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवून जातात. पप्पा गेले त्या दिवशी मेथी ठेवून त्या तशाच मुलीकडे अल्लीपूरला गेल्या होत्या, बातमी त्यांना परतल्यावरच कळली. आईजवळ बसून म्हणाल्या, "नर्सबाई, येवढं बरं झालं, तुमी त्यायच्या जवळ होत्या."

मी विचारलं, कधी?

"मेथी ठेवाले आली तवा. पावणेसात झाले असन. साहेबाचं डोकं बाईच्या मांडीवर. दोघं बोलून राह्यले होते, म्हून मी आवाज नाई देला."

मी तीनदा फिरवून विचारलं. त्या सकाळी आईच्या अंगावर असलेली चॉकलेटी शालसुद्धा त्यांनी बरोबर सांगितली. खोटं बोलायचं त्यांना कारण नाही. आणि मी तर आईला मागच्या खोलीत बघत होते...

मला वाटलं, आता आईचा जीव हलका होईल. तिने कांताबाईंचा हात धरला. "काय बोलून राह्यले होते ते?"

"खिडकीची काच लागून होती बाई. नाई आयकू आलं."

मला याचा उलगडा झालेला नाही. कुणाला सुचला तर जरूर सांगा. आई आता परत साडेसहाला बसते. देवाशी पुन्हा जुळलं असेल असं वाटून मला बरं वाटलं होतं. परवा विचारलं, नाव घेतेस ना?

"नाई," ती म्हणाली. "ते काय बोलले, ते आठवून राह्यली."