मिशीवरून केलेलं निदान

७ एप्रिल १९६३, रविवार. अमरावतीच्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला मी पदर खोचून छपरावर चढले होते. खाली शिडी धरून उभा होता माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा, आखाड्यातला पैलवान, माझ्याकडेच राहायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी दर्यापूरची मंडळी त्याच्या लग्नाची सुपारी फोडायला येणार होती. स्थळ मीच आणलं होतं.

"अक्का, मले हे लगन नाई करायचं."

"पोरगी पसंत नाई काय?"

"पोरगी चांगली हाये. मले कोणतीच नाई पायजे."

मी मुलींच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवत असे. फळ्यावर देहाच्या आकृत्या काढून बारा वर्षं झाली होती. या विषयात आपल्याला न कळणारं काही उरलं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं. मी छपरावरूनच निदान केलं. "डॉक्टरले दाखवू. रोज बदाम घोटून घेत जा."

"तब्येत ठणठणीत हाये. तो धामणगावचा येते ना शनिवारी, त्याच्यावर माहा जीव हाये. तुहा भाऊजीवर हाये, तसाच."

धामणगावचा म्हणजे तिथल्या कापसाच्या जिनिंगमधला कारकून. चार वर्षं दर शनिवारी तो आमच्याकडे मुक्कामाला यायचा. त्याला आग्रह करकरून मीच वाढायची आणि मैत्री असावी तर अशी, असं शेजारणींना ऐकवायची.

हातातला कवेलू सुटला आणि अंगणात फुटला. "पण तू तर..." म्हणत मी त्याच्या मिशीकडे बघत राहिले.

"मिशा हायेत म्हून? तू छपरावर चढून बसली अन् मी शिडी धरून राहिलो. मंग तू बाई नाई काय?"

नाही, असंच सगळी आळी म्हणायची. सायकल चालवते, फ्यूज बदलते, हिला कुठला नवरा मिळणार? मी लग्न करून, तीन मुलं वाढवून आळीला खोटं पाडलं होतं. देह एक, वागणं दुसरं आणि जीव कुणावर जडतो ते तिसरंच, याचा पुरावा घरात मीच. तरी भावाचं सगळं मी मिशीवरून ठरवून मोकळी झाले होते.

"मंग आजपर्यंत काहून नाई बोलला?"

"तू बोलू देशीन तवा ना."

तेही खरंच. मुलगी बघितली तेव्हा त्याच्या वतीनं होकार मीच दिला होता.

"सुपारी फुटल्यावर मोडलं, त लोक पोरीतच खोट काढतीन," तो म्हणाला. "मंग तिले कोण करून घेईन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजेची चिठ्ठी धाडली आणि पहिल्या मोटारीनं दर्यापूर गाठलं. मंडळी निघायच्या तयारीत होती. मुलीच्या वडलांना सांगितलं, मुलाला लग्नच करायचं नाही, त्याला न विचारता मी होकार दिला, तुमच्या मुलीत काही उणं नाही. हवं तर चार माणसांसमोर सांगते. त्यांनी चार नाही, अकरा माणसं बोलावली. मी सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.