खालांचं हिमोग्लोबिन चार?

शहागंजातल्या आमच्या लॅबमध्ये रक्त तपासायची दोन्ही मशीन कालच एका हबवरून एकाच कॉम्प्युटरला जोडली. आज कॉम्प्युटरवर शेजारच्या खालांचं हिमोग्लोबिन आलं चार!

मला पटेना. विचारलं, "खाला, चक्कर येते का?"

"नाय बेटा, आत्ताच हंडाभर पाणी वर चढवलं!"

मशीनच्या स्क्रीनवर पाहिलं, तर बारा. कॉम्प्युटरनं दोन मशीनची अदलाबदल केली होती. मग चार कुणाचं? दुसऱ्या मशीनवर तपासलेल्या गरोदर ताईंचं. त्या 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन नुकत्याच जिना उतरल्या होत्या.

लई पळालो. रिक्षा अडवली, त्यांना थेट दवाखान्यात नेलं. आता त्यांना रक्त चढतंय.

मी मात्र प्रत्येक आकडा मशीनवर जाऊन बघतोय. तुमच्या रिपोर्टचा आकडा कुणी असा बघितला असेल का?