बर्फातलं सुरक्षित अंतर

आजवर जगात जेवढी माणसं बर्फात गेली असतील, त्या सगळ्यांत सावधपणे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी गेले, हे मी पैजेवर सांगते. विषुववृत्ताजवळच्या या बेटावर, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते बरोब्बर आमच्या डोक्यावर राहायचे. मूळचे अकोल्याचे, म्हणून आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. एका बँकेत ते जोखीम मोजायच्या खात्यात होते आणि घरी आल्यावरही ते काम त्यांना सोडवत नसे. लिफ्टचं बटण ते छत्रीच्या टोकाने दाबायचे, तेही करोना यायच्या कितीतरी आधीपासून. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या सामाईक आवारात, लोक जागा अडवायला खुर्चीवर टिश्यूचं एक पाकीट ठेवतात. भाऊ आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्यांवर पाकिटं ठेवायचे आणि मधोमध एकटे बसून निवांत डोसा खायचे. करोना आला तेव्हा साऱ्या गावाचं धाबं दणाणलं. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र ‘मी सांगत नव्हतो?’ असा भाव होता. अर्थात मास्कच्या वर जेवढा चेहरा उरायचा, तेवढ्यावरच.

या भीतीला एक कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींचं मूत्रपिंड बदललेलं होतं. नवीन मूत्रपिंड अंगाने नाकारू नये म्हणून त्यांना ज्या गोळ्या घ्याव्या लागत, त्यांनी प्रतिकारशक्ती पार खाली यायची. दुसऱ्याची साधी सर्दी त्यांना दवाखान्यात नेऊन ठेवायची. आणि ते मूत्रपिंड दिलं होतं भाऊंनीच. लिफ्टच्या बटणाला बोट न लावणारा हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर मात्र आढेवेढे न घेता जाऊन झोपला होता. त्याबद्दल कुणी कौतुक केलं की ते लाजून म्हणायचे, “माझी गुंतवणूक आहे ताई, लक्ष ठेवावं लागतं.”

वहिनींचं एकच वेड होतं, बर्फ. पडणारा, साचलेला, खराखुरा बर्फ. आधी अकोल्याचं ऊन आणि मग इथला बारमाही घाम, यात त्यांचा जन्म चालला होता. बर्फाला वास असतो का, असं त्या कुणालाही विचारायच्या. भाऊंनी लग्नातच त्यांना बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं. मग मुलीचं शिक्षण आलं, मग आजारपण आलं, मग करोना आला. शेवटी जपानने दारं उघडली त्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, जा, पण गर्दी नको, बंद खोली नको आणि संसर्ग तर मुळीच नको. बर्फाच्या डोंगरावर स्की करायला जगभरातली माणसं येतात, एका रांगेत उभी राहतात, एका उपाहारगृहात खोकतात, हे भाऊंनी वाचलेलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने बेत रद्द केला असता. भाऊंनी तालीम सुरू केली.

घसरायला पायाला बांधतात ती स्की जेवढी लांब, तेवढं अंतर रांगेत पुढच्या माणसापासून ठेवायचं, असा एक नियम त्यांना सापडला होता. त्यांनी कपडे वाळत घालायची बांबूची काठी घेतली, स्कीच्या लांबीवर तांबडी पट्टी चिकटवली आणि रोज संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जपानला मिळून निघालेली आमची दोन्ही कुटुंबं रांगेत उभी केली. आम्ही लोकरी टोप्या, गॉगल आणि मास्क लावून घामाने निथळत एकेक पाऊल पुढे सरकायचो आणि भाऊ काठी आडवी धरून अंतर तपासायचे. तळमजल्यावरच्या चिनी आजी रोज खुर्ची टाकून बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही. “अंकल, यू डू व्हॉट?” भाऊ म्हणाले, “स्नो, आंटी. प्रॅक्टिस.” आजींनी वर आभाळाकडे पाहिलं. “हिअर व्हेअर गॉट स्नो लाह!” मास्क लावल्यावर थंडीत गॉगलवर वाफ धरते का, हे बघायला भाऊ सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये तोंड घालून गोठलेल्या माशांसमोर इतका वेळ उभे राहिले, की तिथल्या मुलीने त्यांना खुर्ची आणि पाणी आणून दिलं.

प्रत्यक्ष डोंगरावर गेल्यावर तर त्यांच्या काळजीला ऊतच आला. ओला मास्क कामाचा नाही, म्हणून कोरडे मास्क पोळ्यांच्या डब्यात आणि ओले लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. सगळी दुनिया आत उबेला बसून गरम गरम जेवत होती आणि आम्ही बाहेर बर्फात उभे राहून धपाटे खात होतो. धपाटे इतके कडक झाले होते, की माझ्या नवऱ्याने एक गुडघ्यावर आपटून मोडला. डोंगरावर नेणाऱ्या, तारेवरच्या पाळण्यात फक्त आपलंच कुटुंब बसेल, हे पाळणेवाल्या जपानी माणसाला समजावताना भाऊ वाकले, उत्तरादाखल तो वाकला, म्हणून भाऊ पुन्हा वाकले. तेवढ्यात रिकामे पाळणे एकामागून एक निघून गेले. पण वहिनींच्या शेजारी अख्ख्या मुक्कामात एकही परका माणूस बसू शकला नाही.

शेवटच्या दिवशी लहान मुलांच्या उतारावर वहिनी स्की बांधून उभ्या राहिल्या, जेमतेम अंगणाएवढं अंतर घसरल्या आणि धपकन बसल्या. भाऊ धावले. वहिनी रडत होत्या. “अहो, इतक्या लांब आले आणि मला नुसता मास्कचा वास येतोय.”

भाऊंनी चहूकडे बघितलं, हातमोजा काढून वाऱ्याची दिशा घेतली. मग स्कीच्या काठीने वहिनींभोवती बर्फात एक भलंमोठं वर्तुळ काढलं आणि आम्हाला म्हणाले, “तुम्ही जरा पलीकडं व्हता का?” आम्ही बाहेर झालो. त्यांनी स्वतःच्या हातांनी वहिनींचा मास्क उतरवला, आपला तसाच ठेवला आणि त्यांच्यावर श्वास पडू नये म्हणून तोंड फिरवून उभे राहिले. वहिनींनी ओंजळभर बर्फ उचलून त्यात चेहरा बुडवला. बराच वेळ. मग वर बघून म्हणाल्या, “अहो, याला वासच नाही की!”

भाऊ इतके हसले, की सगळ्या तालमीनंतरही त्यांच्या गॉगलवर वाफ धरली. गॉगल वर सारून त्यांनी डोळे पुसले आणि ते पुसणं काही थांबेना.

आता दोघं अकोल्यात असतात. वहिनी ठणठणीत आहेत. भाऊ त्यांना भाजीबाजारात पाठवत नाहीत म्हणून त्या फोनवर माझ्याकडे तक्रार करतात. वर नवं कुटुंब आलंय, सज्जन माणसं आहेत, लिफ्टचं बटण बोटानेच दाबतात. जाताना भाऊ ती बांबूची काठी मला देऊन गेले. तिच्यावर कपडे वाळत घालताना तांबड्या पट्टीशी माझा हात अजून थबकतो. तेव्हा आम्ही त्यांच्या भीतीला किती हसलो! आता वाटतं, आपल्यासाठी इतकं भिणारं एक माणूस प्रत्येकाला मिळावं.